इंग्रजीतलं 'रन' मुळापासून कसं शिकावं: कोकणातल्या होमस्टेवाल्यांसाठी, बोटवाल्यांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी

दाभोळच्या धक्क्यावर एखादा परदेशी पाहुणा विचारतो, "डझ द फेरी रन आफ्टर डार्क?" समोरच्या मुलाला यातला एकेक शब्द येत असतो, तरी तो अडतो. शाळेत 'रन म्हणजे पळणे' असं घोकलेलं असतं आणि फेरीबोट काही पळत नाही. धोपाव्याला शेवटची फेरी किती वाजता सुटते हे त्याला तोंडपाठ आहे, पण प्रश्नच कळला नाही तर उत्तर कुठून येणार?

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या मुलामुलींना इंग्रजी शिकवताना मला ही अडचण सारखी दिसते. त्यांना शब्द कमी येतात असं मुळीच नाही. एका शब्दाला एकच मराठी अर्थ डकवून ठेवल्यामुळे तो शब्द येत असूनही कामाला येत नाही. 'रन'च्या बाबतीत हे नुकसान सगळ्यात मोठं आहे, कारण इंग्रजीत इतके अर्थ अंगावर वागवणारं दुसरं क्रियापद नाही. 'ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी'च्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत हा मान 'सेट'कडे होता, ४३० अर्थांचा. तिसऱ्या आवृत्तीच्या कामात 'रन'ने त्याला मागे टाकलं. पीटर गिलिव्हर या संपादकांनी या एका क्रियापदावर सुमारे नऊ महिने घालवले आणि ६४५ अर्थ नोंदवले.

हे ६४५ अर्थ कुणी पाठ करत नाही, इंग्रज माणूसही नाही. त्याच्या मनात एक गाभ्याचा अर्थ असतो आणि बाकीचे त्याला त्यातून आपोआप उलगडतात. तो गाभा आपल्यालाही सापडू शकतो, आणि माझ्या मते खाडीकाठी वाढलेल्या माणसाला तो लवकर सापडतो. लागतं काय, तर एक दोनशेपानी वही, पेन आणि मोबाइलवर केंब्रिज किंवा ऑक्सफर्डचा विद्यार्थ्यांसाठीचा शब्दकोश. हे दोन्ही इंटरनेटवर फुकट बघता येतात.

पहिली पायरी: तोंडात आधीच असलेलं 'रनिंग' गोळा करा

शब्दकोश लगेच उघडू नका. आधी आठवा, मराठी बोलताना तुम्ही 'रन' आणि 'रनिंग' कुठे कुठे वापरता. जुनी मोटारसायकल बघायला गेलं की पहिला प्रश्न, "रनिंग किती झालंय?" चिऱ्याचं कंपाउंड घालणारा गवंडी भाव सांगतो तो रनिंग फुटावर. रस्त्याच्या कामाचा ठेकेदार रनिंग बिल काढतो. होमस्टेच्या पाटीवर 'चोवीस तास रनिंग वॉटर' असतं. रत्नागिरी स्टेशनवर बाई घोषणा करते, "इज रनिंग लेट". क्रिकेटमधला रन तर सगळ्यांच्याच ओळखीचा. आणि शिवणकाम येत असेल तर 'रनिंग स्टिच'ला आपण काय म्हणतो ते आठवा: धावदोरा.

हे एकेक वेगळ्या ओळीवर लिहा आणि प्रत्येकाखाली दोन ओळी मोकळ्या सोडा. मग प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: इथे काय पुढे जातंय? उत्तर मोकळ्या ओळीत लिहा.

रनिंग फुटाचं उदाहरण जरा जवळून बघू, कारण यात सगळ्यात जास्त शिकायला मिळतं. गडगा किंवा कंपाउंड जागचं हलत नाही. पण गवंडी टेप धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जातो. उंची आणि जाडी आधीच ठरलेली असते, भाव ठरतो तो फक्त या सलग लांबीवर. म्हणजे इथे पुढे जाते ती मोजणारी नजर. रनिंग बिलात काम अजून संपलेलं नसतं. ते चालू असतानाच झालेल्या भागाचे पैसे मागायचे असतात, म्हणून पुढे जातं ते काम. गाडीच्या रनिंगमध्ये पुढे गेलेलं अंतर साठत जातं. धावदोऱ्यात सुई न थांबता, गाठ न मारता वर-खाली करत सरळ पुढे जाते.

आता सगळी उत्तरं एकाखाली एक वाचा. पाय फक्त क्रिकेटमध्ये सापडतील. बाकी सगळीकडे एकच गोष्ट उरते: एका वाटेने, सलग, न थांबता पुढे जाणं. वहीच्या पहिल्या पानावर हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. गाभा तो हाच.

दुसरी पायरी: शब्दाचं मूळ बघा

पुष्कळ जण ही पायरी गाळतात, कारण व्युत्पत्ती म्हणजे पंडितांचं काम असं वाटतं. कृपा करून गाळू नका. मूळ कळलं की निम्मे अर्थ समजावून सांगावे लागत नाहीत.

जुन्या इंग्रजीत 'रिन्नन' असं क्रियापद होतं. त्याचा अर्थ पळणं होता, तसाच वाहणंही होता. ओढा, रक्त, घाम या सगळ्यांना ते चालायचं. त्याचंच 'इर्नन' असंही एक रूप होतं, त्यात 'र' आणि स्वर यांनी जागा बदलल्या. आपल्याकडे 'नुकसान'चं 'नुसकान' होतं तसाच हा वर्णविपर्यय. नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात स्कँडिनेव्हियातले लोक येऊन वसले. त्यांच्या भाषेत 'रिन्ना' आणि 'रेन्ना' ही जवळची रूपं होती. दोन्हीकडच्या रूपांची सरमिसळ होऊन आजचा शब्द घडत गेला. चौदाव्या शतकात, इंग्रज कवी चॉसरच्या काळी, लोक 'रेन्ने' लिहीत होते. भूतकाळाच्या रूपांमधला 'उ' पुढे वर्तमानकाळात शिरला, म्हणून आज अक्षरं 'आर-यू-एन' अशी आहेत.

जर्मनमध्ये हे कुटुंब आजही वेगळं उभं आहे. तिथे 'रिनेन' म्हणजे वाहणं, झिरपणं आणि 'रेनेन' म्हणजे धावणं. इंग्रजीने दोन्ही एकाच शब्दात कोंबले. त्यामुळे इंग्रजीत नळ, नाक, नदी आणि माणूस चारही 'रन' करतात, आणि यातलं एकही अलंकारिक नाही. वाहण्याचा अर्थ या शब्दात पहिल्यापासून आहे.

आणखी मागे गेलं तर गोष्ट आपल्या दारापर्यंत येते. व्युत्पत्तीच्या बऱ्याच कोशांत 'रन'चं मूळ वाहण्याच्या अर्थाच्या एका आदिम धातूत दाखवलं आहे, आणि युरोपातली ऱ्हाइन नदी आणि संस्कृतातला 'रीति' हे त्याच कुळात घातले आहेत. भाषाशास्त्रज्ञांचं यावर पूर्ण एकमत नाही, पण 'रीति'चा स्वतःचा प्रवास मात्र स्पष्ट आहे. वैदिक संस्कृतात त्याचा अर्थ प्रवाह असा होता. त्यावरून जाण्याचा मार्ग, आणि मार्गावरून पद्धत, चालीरीत. पाण्याच्या वाटेवरून माणसांच्या वागण्याच्या वाटेकडे शब्द कसा सरकतो हे आपल्याच भाषेत बघितलं की इंग्रजीत 'रन' धंद्यापर्यंत आणि निवडणुकीपर्यंत कसा गेला याचं नवल वाटत नाही.

तिसरी पायरी: कर्म आहे का ते बघा

संपूर्ण लेखातून एकच पायरी घ्यायची असेल तर ही घ्या.

जुन्या इंग्रजीत स्वतः पळणं किंवा वाहणं याला एक क्रियापद होतं आणि दुसऱ्याला पळवणं याला वेगळं होतं. पुढे दोघांचं रूप एक झालं. मराठीने हा भेद जपलाय: पळणं आणि पळवणं, चालणं आणि चालवणं. म्हणून इंग्रजी वाक्य समोर आलं की 'रन'च्या पुढे कुणाचं किंवा कशाचं नाव आहे का ते बघा. नसेल तर मराठीत साधं क्रियापद येईल, असेल तर बहुतेक वेळा 'व' लागलेलं.

"द फेरी रन्स टिल टेन." पुढे कर्म नाही. फेरी दहापर्यंत चालते.

"माय अंकल रन्स द फेरी." पुढे 'द फेरी' आहे. माझे काका फेरी चालवतात.

"द खानावळ रन्स वेल" म्हणजे खानावळ व्यवस्थित चालते. "माय मदर रन्स अ खानावळ" म्हणजे आई खानावळ चालवते. बचत गट, शाळा, शिवणक्लास, पतपेढी, सगळ्यांना हेच. पाहुण्याने "हू रन्स धिस प्लेस?" असं विचारलं तर तो हे घर कोण चालवतं ते विचारतोय. सातबारावर नाव कुणाचं आहे हा प्रश्न वेगळा, त्याला 'ओन' हे क्रियापद लागतं. मालक मुंबईला आणि होमस्टे बघतेय गावातली वहिनी, असं आपल्याकडे सर्रास असतं. अशा वेळी "आय रन इट" हे वहिनीचं उत्तर अगदी बरोबर आहे आणि तिने ते ठामपणे द्यावं.

चौथी पायरी: फांद्या काढा

वहीचं जोडपान उघडा. मधोमध 'रन' लिहा, खाली गाभ्याचा अर्थ. आता एकेक फांदी काढत जा आणि प्रत्येक फांदीवर तुमच्या गावातलं, तुमच्या कामातलं एक वाक्य लिहा. पुस्तकातलं वाक्य नको.

पाण्याची फांदी पहिल्यांदा काढा, कारण ती सगळ्यात जुनी आणि आपल्याकडे सगळ्यात उपयोगाची. नळाचं पाणी 'रन' करतं. उन्हाळ्यात विहीर आटते तेव्हा "द वेल हॅज रन ड्राय". कपड्याचा रंग जातो तेव्हा "द कलर रन्स". पाहुण्यांचे कपडे धुवायला घेत असाल तर "धिस कलर माइट रन" एवढं आधी सांगून टाका, पुढचा वाद वाचतो. समुद्राची आणि खाडीची ओढ सांगायलाही हेच क्रियापद. गणपतीपुळ्यासारख्या किनाऱ्यावर बाहेरच्या माणसाला पाण्याचा अंदाज येत नाही आणि जीव जातात. "द करंट रन्स व्हेरी स्ट्राँग हिअर. प्लीज डोन्ट गो इन." हे वाक्य किनाऱ्यावरच्या प्रत्येक पोराला झोपेतही म्हणता आलं पाहिजे.

याच फांदीला एक सुंदर डहाळी आहे. पहिल्या पावसाने ओढे भरले की मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर चढतात. आपण त्यांना चढणीचे मासे म्हणतो. इंग्रजीत माशांच्या अशा झुंडीने जाण्याला 'रन' म्हणतात. उत्तरेकडच्या थंड देशांत समुद्रातून नदीत चढणाऱ्या सॅमनचा 'सॅमन रन' असतो. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याने तारलीच्या जातीतल्या माशांचे प्रचंड थवे जातात, तो 'सार्डिन रन'. पाहुण्याला चढणीचे मासे समजावून सांगायचे असतील तर "द फिश रन अपस्ट्रीम विथ द फर्स्ट रेन्स" एवढं पुरे. जाता जाता हेही सांगा की त्यांच्या पोटात अंडी असतात आणि ते ओरबाडून पकडले तर पुढल्या वर्षी ओढ्यात काही उरत नाही.

यंत्र आणि वाहन ही दुसरी फांदी. पंप, जनरेटर, फ्रीज, इंजिन, एसटी, रेल्वे. "द जनरेटर रन्स ऑन डिझेल." "द बस डझन्ट रन ऑन संडेज." मालवणातून किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या पावसाळ्यात बंद असतात, तेव्हा "द बोट्स टू सिंधुदुर्ग फोर्ट डोन्ट रन इन द मॉन्सून". इथे पुष्कळ जण 'बोट इज क्लोज्ड' म्हणतात. दुकान 'क्लोज्ड' असतं. फेरी, बस, होडी 'नॉट रनिंग' असते.

शिडाच्या होड्यांच्या काळातला एक अर्थ इथेच टिपून ठेवा. वारा पाठीवर घेऊन, शीड पूर्ण फुगवून सरळ जाण्याला इंग्रजी दर्यावर्दी 'रन' म्हणत आणि आजही म्हणतात. बोट खाडीच्या तोंडाशी वाळूत रुतली तर 'रन अग्राउंड'.

तिसरी फांदी जागच्या जागी असलेल्या गोष्टींची. इथे शिकणारे सर्वांत जास्त गोंधळतात, आणि खरं तर गोंधळायचं कारण नाही. "द रोड रन्स अलाँग द कोस्ट." रस्ता हलत नाही, पण मराठीतही तो 'किनाऱ्याने जातो' असंच आपण म्हणतो. सह्याद्रीची रांग उत्तर-दक्षिण जाते, भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा जातो. दोन्ही भाषांत इथे नजर चालते आणि क्रियापद नजरेचं असतं. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्गावर सुरू झाली. "द लाइन रन्स फ्रॉम रोहा टू ठोकूर" या वाक्यात रूळ जागचे हलत नाहीत. "द ट्रेन रन्स फ्रॉम रोहा टू दिवा" म्हटलं की गाडी खरोखर धावते. वाक्याची घडण एकच, फरक फक्त कर्त्यात.

काळाची फांदी छोटी आहे. दशावताराचा खेळ पहाटेपर्यंत चालतो: "द प्ले रन्स टिल डॉन." भाडेकरार अकरा महिने चालतो: "द ॲग्रीमेंट रन्स फॉर इलेव्हन मंथ्स." पिढ्यांमधून वाहत आलेल्या गोष्टीला 'रन्स इन द फॅमिली'. घरात भजनाचा वारसा असेल तर हे वाक्य आनंदाने वापरा, डॉक्टरने मधुमेहाबद्दल विचारलं तर तिथेही तेच.

निवडणुकीची फांदी मजेची आहे. अमेरिकन माणूस निवडणुकीला 'रन' करतो, ब्रिटिश माणूस 'स्टँड' करतो. आपण सरपंचपदाला उभे राहतो, म्हणजे आपलं ब्रिटिशांशी जुळतं. दोन्ही रूपं बरोबर, समोरचा कुठला आहे ते बघून वापरा.

ताप असणं 'रन अ टेंपरेचर' किंवा 'रन अ फीव्हर', धोका पत्करणं 'रन अ रिस्क', चोरून माल नेणं तेही 'रन'. हे फांदीच्या टोकाचे अर्थ आहेत, समोर येतील तसे लिहा.

पाचवी पायरी: शेपटीचे शब्द

'रन'च्या मागे छोटा शब्द लागला की अर्थ वळतो. शब्दकोशात अशी पन्नासेक जोडरूपं सापडतील आणि त्यांची यादी बघून धीर सुटतो. रोजच्या व्यवहाराला 'आउट', 'इंटू', 'ओव्हर' आणि 'थ्रू' हे चार पुरतात. यातही 'आउट'वर वेळ घाला.

'आउट' म्हणजे वाहून बाहेर गेलं, शिल्लक राहिलं नाही. पण याची दोन रूपं आहेत आणि चुका तिथेच होतात. संपलेली वस्तू कर्ता असेल तर "द गॅस हॅज रन आउट". माणूस कर्ता असेल तर मध्ये 'ऑफ' हवाच: "वी हॅव रन आउट ऑफ गॅस." 'वी हॅव रन आउट गॅस' हे चूक. मराठीत आपण 'आमचा गॅस संपला' म्हणतो, तिथे माणूस कर्ता होतच नाही, म्हणून 'ऑफ' सुटतो. खानावळीत दुपारी तीन वाजता सुरमई संपलेली असताना सांगायचं वाक्य हे: "सॉरी, वी हॅव रन आउट ऑफ सुरमई, बट वी हॅव बांगडा." संपत आलं असेल तर "वी आर रनिंग लो ऑन सुरमई". क्रिकेटमधला 'रन आउट' याहून निराळा, त्याला मराठीत 'धावचीत' हा फार चांगला शब्द आहे. तिथे फलंदाज धावताना बाद होतो, संपत काही नाही.

'इंटू' म्हणजे वाटेत अचानक गाठ पडणं. "आय रॅन इंटू युवर ब्रदर ॲट द बाजार" म्हणजे तुझा भाऊ बाजारात भेटला. तो धडकला असा अर्थ घेऊ नका; गाडी झाडावर आदळली तरच तो अर्थ. 'ओव्हर' मात्र बहुधा वाईटच, चाकाखाली येणं. 'थ्रू' म्हणजे एकदा वरवर नजर फिरवणं: "लेट मी रन थ्रू द मेनू."

सहावी पायरी: जिथे 'रन' चालत नाही

मराठीत 'चालणं' इतकं पसरलेलं आहे की 'रन'ची गोडी लागली की माणूस ते सगळीकडे घालतो. काही ठिकाणी थांबा.

दिवा, पंखा, टीव्ही चालू असतो तेव्हा "द टीव्ही इज ऑन". शाळा चालू आहे म्हणजे सुट्टी नाही, तिथे "द स्कूल इज ओपन". 'चालेल' या आपल्या लाडक्या शब्दाला 'रन' कधीच नाही. "दॅट्स फाइन" म्हणा किंवा "दॅट विल डू". यंदा धंदा चालला नाही, म्हणजे चांगला झाला नाही, तर "बिझनेस वॉज स्लो".

गाडी चालवणं म्हणजे 'ड्राइव्ह'. "ही रन्स अ टॅक्सी" म्हटलं की त्याचा टॅक्सीचा धंदा आहे असा अर्थ होतो, स्टिअरिंगवर दुसरा ड्रायव्हर असू शकतो. तारकर्लीला स्कूबाच्या बोटी चालवणाऱ्या मुलांनी हा फरक लक्षात ठेवावा: बोटीचा धंदा तुम्ही सांभाळत असाल तर 'आय रन अ बोट'.

गळणाऱ्या नाकाला आपण 'रनिंग नोज' म्हणतो, इंग्रजीत रूढ शब्द 'रनी नोज' आहे. आणि गाडीचं 'रनिंग' हे इथल्या बाजारात ठीक, बाहेरच्या माणसाला ते कळणार नाही. 'माइलेज' म्हणालात तरी घोटाळा आहे, कारण आपल्याकडे माइलेज म्हणजे लिटरमागे किलोमीटर आणि तिकडे बहुतेक वेळा गाडी एकूण किती चालली तो आकडा. सरळ विचारा, "हाउ मेनी किलोमीटर्स हॅज इट डन?"

रूपांचं थोडक्यात. वर्तमानकाळात 'रन', साध्या भूतकाळात 'रॅन', 'हॅव', 'हॅज', 'हॅड'नंतर पुन्हा 'रन'. 'रन्ड' असं रूप नाही. 'हॅड रॅन' हे चूक.

सातवी पायरी: दोन स्तंभांत लिहा

देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केलं, तेव्हा पानावर मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी स्तंभांत छापला. दोन भाषा अशा समोरासमोर ठेवून वाचण्यासारखी शिकवणी नाही, आणि ती युक्ती आपल्याच मातीतल्या माणसाची आहे. वहीचं पान मधोमध उभं दुमडा. डावीकडे रोज संध्याकाळी तुमच्या दिवसातली चार-पाच वाक्यं मराठीत लिहा, नेहमीच्या बोलीत. उजवीकडे तीच इंग्रजीत, जमतील तिथे 'रन' वापरून. मग मराठी क्रियापदांखाली रेघ मारा.

एका पानाचा नमुना देतो. डावीकडे: 'सकाळी पंप चालत नव्हता. टाकीतलं पाणी संपलं. दुपारी पाहुणे आले, त्यांच्या पोराला ताप होता. गाडी दीड तास उशिराने धावत होती. बाजारात मामा भेटला. मागच्या वर्षीपासून तो नाटे गावात दुकान चालवतो.'

उजवीकडे: 'द पंप वॉजन्ट रनिंग इन द मॉर्निंग. वी रॅन आउट ऑफ वॉटर. द गेस्ट्स केम इन द आफ्टरनून अँड देअर सन वॉज रनिंग अ टेंपरेचर. द ट्रेन वॉज रनिंग ॲन अवर अँड अ हाफ लेट. आय रॅन इंटू मामा इन द बाजार. ही हॅज बीन रनिंग अ शॉप इन नाटे सिन्स लास्ट इयर.'

डावीकडच्या रेघा बघा: चालणं, संपणं, असणं, धावणं, भेटणं, चालवणं. सहा मराठी क्रियापदं, आणि उजवीकडे सहाही ठिकाणी एकच. पाहुणे 'आले' तिथे मात्र 'केम' आहे. ओढूनताणून 'रन' बसवलेलं नाही, तुम्हीही बसवू नका. वाक्य लिहून झाल्यावर शब्दकोशात तो अर्थ उघडून उदाहरण ताडून बघा. शब्दकोश शेवटी येतो तो असा, तपासायला. मराठी बाजूचा एखादा शब्द खोलात बघावासा वाटला तर मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती इंटरनेटवर शोधता येते. त्यात 'चालणें' आणि 'वाहणें' या दोन नोंदी जरूर वाचा. नदी वाहते, हमाल ओझं वाहतो, आपण देवाला फूल वाहतो. म्हणजे अनेक अर्थांचं क्रियापद आपल्यालाही नवीन नाही, फक्त त्याच्याकडे कधी तसं बघितलेलं नसतं.

वही भरत आली की 'सेट' घ्या. पद्धत तीच, फक्त सुरुवात तिसऱ्या पायरीपासून करा, कारण 'सेट' हे मुळातच 'सिट'चं प्रयोजक रूप आहे: सिट म्हणजे बसणं, सेट म्हणजे बसवणं. 'फॉल' आणि 'फेल', म्हणजे पडणं आणि झाड पाडणं, किंवा 'लाय' आणि 'ले', या जोड्याही तशाच. आधी मराठीत 'बसवणं' कुठे कुठे येतं ते लिहून काढा: गणपती बसवतो, मोटर बसवतो, नाटक बसवतो, घडी बसवतो. मग एकेकाला इंग्रजीत 'सेट' लागतं का ते बघत जा. काही ठिकाणी लागेल, काही ठिकाणी 'इन्स्टॉल' किंवा 'स्टेज' लागेल. यादीच्या खाली 'सेट'चं नामरूप वेगळं लिहा, कारण कपबशांचा 'सेट' म्हणजे संच हा अर्थ बऱ्याच अंशी फ्रेंचमार्गे आलेल्या दुसऱ्याच शब्दाचा आहे. तो 'बसवणं'च्या फांदीवर काढलात तर सगळं चित्र गोंधळेल.